कर्णबधिर भगिनींचे क्रीडाक्षेत्र आणि आपण प्रेक्षक

धान्याच्या व्यापारात ज्याचे आयुष्य गेले तो मनुष्य पोते विकत घेताना केवळ तोंडाशी दिसणाऱ्या दाण्यांवर विसंबत नाही. तो पोत्यात नळी खुपसतो, तोंडचा, मधला आणि तळचा असा तिन्ही ठिकाणचा दाणा तळहातावर घेतो, उजेडात धरून पाहतो आणि मगच भाव बोलतो. लोकमताची परीक्षा याहून निराळी नसते. प्रस्तुत लेखात ज्या मालाचा नमुना पाहावा असे आम्ही सुचविणार आहोत, तो मात्र दाणागोटा नव्हे; तो आहे समाजाच्या माहितीचा साठा. कर्णबधिर स्त्रिया खेळतात, जागतिक स्पर्धांत उतरतात, देशासाठी सुवर्णपदके मिळवितात, ही गोष्ट आपल्यापैकी किती जणांस ठाऊक आहे? आणि ज्यांस ठाऊक आहे त्यांस नेमके काय ठाऊक आहे? हा प्रश्न प्रेक्षकांस विचारावा, पद्धतशीर विचारावा, आणि मिळालेली उत्तरे हिशेबाच्या वहीसारखी स्वच्छ मांडावीत, एवढेच आमचे प्रतिपादन आहे.

व्यापारी संघाच्या स्मरणिकेत हा विषय कशासाठी, अशी शंका कोणी घेईल. तिचे उत्तर सोपे आहे. आपल्या गावोगावच्या पेठांनी खेळांस आजवर हात आखडता घेतलेला नाही. कुस्तीच्या मैदानास इनाम, कबड्डीच्या सामन्यास ढाल, क्रिकेटच्या स्पर्धेस चषक, मुलांच्या शर्यतींस वह्या-पुस्तके, हे सर्व बहुधा दुकानांच्या गल्ल्यांतूनच जाते. परंतु दानाचा ओघ माहितीच्या उताराने वाहतो. ज्या गोष्टीचे नावच कानी आले नाही तिच्यासाठी कोणी थैली सोडीत नाही. म्हणून कर्णबधिर भगिनींच्या खेळास आश्रय का मिळत नाही, याचा विचार करताना लोकांच्या कृपणतेपाशी जाण्याआधी त्यांच्या अज्ञानापाशी जावे लागते. आणि अज्ञान किती खोल आहे हे मोजल्यावाचून ते दूर करण्याचा खर्चही ठरविता येत नाही.

शंभर वर्षांची वाटचाल

कर्णबधिरांच्या जागतिक क्रीडास्पर्धा ही काल-परवाची गोष्ट आहे, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः पॅरिस येथे १९२४ साली ऑलिंपिक सामने झाले, त्याच वर्षी त्याच नगरीत १० ते १७ ऑगस्ट या आठवड्यात कर्णबधिरांचे पहिले आंतरराष्ट्रीय सामने भरले. युजीन रुबेन्स-आल्के हे फ्रेंच गृहस्थ, जे स्वतः कर्णबधिर होते, त्यांच्या खटपटीने हा मेळावा घडून आला. नऊ देशांतून १४८ खेळाडू आले होते आणि त्यांत स्त्री होती अवघी एक. ती नेदरलँड्सची जलतरणपटू. एकशे सत्तेचाळीस पुरुषांमध्ये एक स्त्री, हा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा; कर्णबधिर स्त्रियांच्या क्रीडेतिहासाचा आरंभ या एकीपासून होतो.

त्याच वर्षी या खेळांची आंतरराष्ट्रीय समिती स्थापन झाली. १९४९ साली ऑस्ट्रियात हिवाळी सामने सुरू झाले. १९५५ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने या संस्थेस मान्यता दिली, आणि २००१ साली या सामन्यांस ‘डेफलिंपिक्स’ हे नाव मिळाले. भारताने या सामन्यांत प्रथम पाऊल ठेवले ते १९६५ साली, वॉशिंग्टन येथे. २०२५ च्या नोव्हेंबर महिन्यात १५ ते २६ तारखांस जपानच्या टोकियो नगरीत शताब्दीचे सामने झाले. तेथे सुमारे ऐंशी देश-प्रदेशांतून तीन हजारांच्या आसपास खेळाडू आले होते. एका जलतरणपटूपासून येथवर मजल आली आहे.

येथे एक खुलासा अवश्य करावयास हवा, कारण प्रेक्षकांच्या मनातील गोंधळाचे मूळ बहुधा येथेच असते. पॅरालिंपिक आणि डेफलिंपिक्स हे दोन भिन्न सामने आहेत. पॅरालिंपिकमध्ये कर्णबधिरांसाठी स्वतंत्र गट नसतो. कर्णबधिरांची संस्था पूर्वी पॅरालिंपिक समितीची सभासद होती. १९९५ साली ती बाहेर पडली. कर्णबधिर खेळाडूचे हातपाय धडधाकट असतात, दृष्टी तीक्ष्ण असते; तिची अडचण शरीराची नसून संदेशवहनाची असते. म्हणून या सामन्यांचे नियमही त्या अडचणीभोवतीच गुंफले आहेत. अधिक चांगल्या कानाची श्रवणक्षमता निदान ५५ डेसिबलने उणी असलेल्यासच प्रवेश मिळतो, आणि मैदानात उतरताना श्रवणयंत्र काढून ठेवावे लागते, जेणेकरून सर्वांस समान शांतता लाभावी. धावण्याच्या शर्यतीस पिस्तुलाच्या बाराऐवजी दिव्यांनी आरंभ होतो; तांबड्याने जागेवर, पिवळ्याने सज्ज, हिरव्याने धाव. फुटबॉलचा पंच शिटीबरोबर निशाण हलवितो. दुहेरी बॅडमिंटनमध्ये ‘माझा, माझा’ असे ओरडून जोडीदारास थांबविता येत नाही. नजरेच्या कोपऱ्यातून परस्परांचे पाऊल ओळखावे लागते. ही सारी हकीकत ज्याला ठाऊक आहे तोच त्या खेळातील कौशल्याचे मोल जाणतो. ज्याला ठाऊक नाही त्यास तो नेहमीचाच खेळ, किंचित कमी गोंगाटाचा, एवढाच वाटतो.

आपल्या देशाच्या कन्या

आता आपल्या देशाकडे वळू. ब्राझीलमधील काशियास दो सूल येथे २०२२ च्या मे महिन्यात झालेल्या सामन्यांत भारताने १६ पदके मिळविली; त्यांत ८ सुवर्ण, १ रौप्य आणि ७ कांस्य. या आठ सुवर्णांपैकी तिहींत मदुराईची जर्लिन अनिका ही किशोरवयीन बॅडमिंटनपटू वाटेकरी होती. एकेरी, मिश्र दुहेरी आणि सांघिक अशा तिन्ही प्रकारांत तिने सुवर्ण मिळविले. पुढे तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. त्याच सांघिक विजयात भोपाळची गौरांशी शर्मा होती. टेनिसमध्ये कुर्नूलच्या जफरीन शेखने पृथ्वी शेखरच्या साथीने मिश्र दुहेरीचे कांस्य मिळविले. गोल्फमध्ये हरियाणाची दीक्षा डागर सुवर्णाची मानकरी ठरली.

दीक्षा डागरची कहाणी तर विशेष विचार करण्याजोगी आहे. २०१७ साली तुर्कस्तानातील सामसुन येथे गोल्फचा या सामन्यांत प्रथमच समावेश झाला, तेव्हा तिने रौप्य मिळविले. २०२२ साली सुवर्ण. आणि २०२५ साली टोकियोत पुनश्च सुवर्ण. मध्यंतरी २०२१ साली झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्येही ती खेळली. ऑलिंपिक आणि डेफलिंपिक्स या दोहोंत खेळलेली ती पहिली गोल्फपटू. एकाच नगरीत ती दोनदा उतरली. पहिल्या वेळी महामारीमुळे प्रेक्षकांस प्रवेश नव्हता. दुसऱ्या वेळी सामन्यांस प्रेक्षक विनामूल्य येत होते.

टोकियोच्या २०२५ च्या सामन्यांत भारताची पदकसंख्या २० वर गेली. ९ सुवर्ण, ७ रौप्य, ४ कांस्य. या यशात नेमबाज मुलींचा वाटा मोठा होता. महाराष्ट्राच्या प्रांजली धुमाळने पंचवीस मीटर पिस्तुलात सुवर्ण, दहा मीटर पिस्तुलाच्या मिश्र स्पर्धेत अभिनव देशवालसह सुवर्ण आणि एकेरीत रौप्य अशी तीन पदके मिळविली. ज्या एकेरीत तिला रौप्य मिळाले तिचे सुवर्ण अनुया प्रसाद या दुसऱ्या भारतीय मुलीकडेच गेले. रायफलीत माहित संधूने चार पदके आणली.

वाचकांनी येथे क्षणभर थांबून आपल्याच मनाची झडती घ्यावी. वरील परिच्छेदांतील किती नावे आपणांस हा लेख हाती घेण्यापूर्वी ठाऊक होती? क्रिकेटच्या संघातील अकराही नावे तोंडपाठ असणाऱ्या घरात यांपैकी एखादे तरी नाव कधी उच्चारले गेले होते काय? या प्रश्नात दोषारोप नाही. परंतु ज्या सर्वेक्षणाची आम्ही गोष्ट करीत आहोत, त्याचा पहिला प्रश्न हाच असावयास हवा.

जपानने मोजले म्हणून कळले

असे मोजमाप अन्यत्र झालेले आहे, आणि त्यातून काय निष्पन्न होते याचे उदाहरण जपानने घालून दिले. तेथील एका प्रतिष्ठानाशी संलग्न संशोधकांनी २०२१ साली लोकांस विचारले, तेव्हा पॅरालिंपिकचे नाव जवळजवळ सर्वांस ठाऊक होते. परंतु डेफलिंपिक्स ठाऊक असलेले लोक शंभरांत सुमारे सोळाच निघाले. ध्यानात घ्यावे की हे उत्तर देणारा समाज सुशिक्षित, नियमित वृत्तपत्रे वाचणारा, आणि नुकत्याच आपल्या राजधानीत पॅरालिंपिक पाहिलेला होता. तेथे ही स्थिती, तर इतरत्र काय असेल याची कल्पना करता येते.

परंतु आकडा हाती आला म्हणूनच तेथील संयोजकांस दिशा सापडली. प्रवेश विनामूल्य ठेवण्यात आला. टाळ्या वाजवून उपयोग नाही हे ओळखून, हातांच्या खुणांनी खेळाडूस धीर देण्याची एक नवी रीत कर्णबधिर मंडळींच्या साह्याने बसविली गेली आणि ती प्रेक्षकांस शिकविली गेली. फळ असे मिळाले की, बारा दिवसांत अडीच लाखांहून अधिक प्रेक्षकांनी मैदानांकडे धाव घेतली. कमी निघालेल्या आकड्याची लाज न बाळगता त्यावर काम केले की काय घडते, याचा हा पुरावा होय.

अमेरिकेतील एक उदाहरणही आपल्याकडील संयोजकांनी लक्षात घेण्यासारखे आहे. १ जून २०२४ रोजी कोलोरॅडो राज्यात तेथील कर्णबधिर महिला फुटबॉल संघाचा ऑस्ट्रेलियाशी सामना ठेवला, तो मुख्य महिला राष्ट्रीय संघाच्या सामन्याच्याच दिवशी आणि त्याच मैदानावर. निराळे मैदान, निराळा दिवस, निराळी जाहिरात असा खर्च न करता, दुसऱ्या सामन्यास येणाऱ्या प्रेक्षकांसमोरच पहिला सामना मांडला. नवा माल खपवावयाचा तर तो चालत्या मालाशेजारी मांडावा, हे तत्त्व आपल्या पेठेस शिकविण्याची आवश्यकता नाही.

प्रेक्षकांस काय विचारावे

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. आपल्या भागात, मग ते बेळगाव असो, इंदूर असो वा बडोदे, कर्णबधिर मुलींचे सामने भरले आणि तेथे आलेल्या लोकांस विचारावयाचे ठरविले, तर विचारावे काय?

पहिली सावधगिरी अशी की, मैदानात बसलेल्यांसच विचारून थांबू नये. अशा सामन्यांस येतात कोण? खेळाडूंचे आईबाप, शाळेतील शिक्षक, प्रशिक्षक, आणि इतर कर्णबधिर मंडळी. यांस ‘हा खेळ ठाऊक आहे काय’ असे विचारणे म्हणजे देवळाच्या गाभाऱ्यात उभे राहून ‘येथे देवभक्त किती’ असे विचारणे होय. उत्तर शंभरांत शंभर येईल आणि त्याचा उपयोग शून्य. पोत्याच्या तोंडचा दाणा तो हाच. मधला दाणा पाहावयाचा तर दुसऱ्या सामन्यासाठी आलेला आणि वाटेत हा खेळ पाहून थबकलेला प्रेक्षक गाठावा. तळचा दाणा पाहावयाचा तर मैदानाकडे न फिरकलेल्या मनुष्यास बाजारपेठेत, बसस्थानकावर, देवळाच्या पायरीवर गाठून विचारावे. तिन्ही ठिकाणचे नमुने निरनिराळे नोंदवावेत; त्यांची सरमिसळ करू नये.

दुसरी सावधगिरी भिडेची. आपला समाज भिडस्त आहे. समोर कोणी वही-पेन्सिल घेऊन उभा राहिला आणि ‘कर्णबधिर मुलींच्या खेळांस उत्तेजन मिळावे असे आपणांस वाटते काय’ असे विचारले, तर ‘नाही’ असे म्हणणारा मनुष्य सापडणे दुर्मीळ. हे मत नव्हे, हा शिष्टाचार झाला. म्हणून प्रश्न असा असावा की, भिडेने त्याचे उत्तर देता येऊ नये. ‘एका कर्णबधिर महिला खेळाडूचे नाव सांगा.’ ‘डेफलिंपिक्स आणि पॅरालिंपिक यांत भेद काय?’ ‘शर्यतीचा आरंभ कर्णबधिर मुलींस कसा कळत असेल?’ ‘मागील एका वर्षात असा एखादा सामना आपण पाहिला काय, आणि कोठे?’ या प्रश्नांस शिष्टाचाराने उत्तर देता येत नाही. माहिती असावी लागते. शिवाय प्रश्नातच उत्तर पुरविले जाणार नाही, याचीही काळजी घ्यावी.

तिसरी गोष्ट म्हणजे नाव ठाऊक असणे आणि वस्तू ठाऊक असणे यांतील अंतर. एखाद्या पेढीची पाटी रोज दिसते म्हणून तिचा व्यवहार ठाऊक असतो असे नाही. ‘ऐकले आहे’, ‘थोडे ठाऊक आहे’ आणि ‘समजावून सांगू शकतो’ या तीन पायऱ्या वेगळ्या लिहून घ्याव्यात. सामना पाहण्यापूर्वी आणि पाहिल्यानंतर असे दोनदा विचारले, तर एका सामन्याने माणूस किती पायऱ्या चढतो तेही कळेल. आणि हेच तर संयोजकास जाणून घ्यावयाचे असते.

करुणा की प्रमोद?

सर्वांत नाजूक प्रश्न चौथा. आपल्या तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात चार भावना सांगितल्या आहेत हे आपल्या वाचकांस सांगणे न लगे. प्राणिमात्राविषयी मैत्री, गुणाने श्रेष्ठ असलेल्यांविषयी प्रमोद, क्लेश भोगणाऱ्यांविषयी कारुण्य आणि अविनीतांविषयी माध्यस्थ्य. आचार्यांनी या भावना वेगवेगळ्या मांडल्या आणि प्रत्येकीचे पात्रही वेगळे सांगितले. पात्र चुकले की भावना चांगली असूनही अन्याय होतो.

कर्णबधिर मुलगी निशाण्यावर दृष्टी स्थिर करून सुवर्णपदक घेते तेव्हा ती कोणत्या भावनेस पात्र असते? ‘बिचारी’ हा शब्द आपल्या ओठांवर सहज येतो. त्या शब्दामागे सद्भाव असतो हे खरे. परंतु त्या घटकेस ती क्लेश भोगणारी नसते, गुणाने श्रेष्ठ ठरलेली असते. तिला करुणा देऊ करणे म्हणजे सोन्याचा भाव पितळेने चुकविणे होय. तिचा हक्क प्रमोदावर आहे. गुणवंताचे गुण पाहून मनास जो निर्मळ आनंद होतो, त्यावर. म्हणून सर्वेक्षणात हे विचारले जावे की, ‘हा सामना पाहताना आपणांस प्रथम काय वाटले?’, आणि उत्तर प्रेक्षकाच्याच शब्दांत उतरून घ्यावे. ‘दया आली’ असे किती म्हणाले आणि ‘तिचा फटका जबरदस्त होता’ असे किती म्हणाले, यांची गणना पुढे करावी. समाजाची जागृती किती हे या दोन उत्तरांच्या प्रमाणात दिसून येईल. केवळ नाव ठाऊक असल्याच्या आकड्यात ते दिसणार नाही.

शब्दांचाही येथे विचार करावा लागतो. ‘मुका’, ‘बहिरा’ हे शब्द जुन्या पिढीत सहज वापरले जात; ‘मूकबधिर’ हा त्यातल्या त्यात सभ्य समजला जाई. परंतु ऐकू न येणाऱ्यांपैकी पुष्कळांस ‘मूक’ हे विशेषण रुचत नाही, आणि त्यांची हरकत रास्त आहे. त्यांस भाषा आहे. ती हातांची आहे. पद्मश्रीने गौरविलेले कुस्तीगीर वीरेंद्र सिंग यांस अवघा देश ‘गूंगा पहिलवान’ या नावाने ओळखतो. एवढ्या पराक्रमी पुरुषासही व्यंगाच्या नावानेच ओळखावे, यात आपल्या दृष्टीचीच मर्यादा दिसून येते. प्रश्नपत्रिकेत ‘कर्णबधिर’ हाच शब्द असावा. प्रश्न विचारणाऱ्याच्या तोंडीही तोच असावा.

कोणी विचारावे आणि कोणत्या भाषेत

आपली वस्ती अनेक भाषांच्या सीमेवर आहे. बेळगावास मराठीबरोबर कन्नड, गोव्यात कोंकणी, बडोद्यास गुजराती, इंदूर-ग्वाल्हेरीस हिंदी, हैदराबादेस तेलुगू आणि उर्दू. प्रश्नपत्रिका स्थानिक सर्व भाषांत हवी हे उघड आहे. परंतु एक भाषा नेहमी विसरली जाते, आणि या विषयात तीच मुख्य आहे. ती म्हणजे भारतीय सांकेतिक भाषा. कर्णबधिर प्रेक्षकास छापील कागद दिला की काम भागले, असे समजणे चूक आहे. ज्याने शब्द कधी कानाने ऐकला नाही त्यास लिखित मराठी ही बहुधा परभाषेसारखी शिकावी लागते. म्हणून त्यास त्याच्या भाषेत, शक्य तर कर्णबधिर विचारकानेच विचारावे. दिल्ली येथे २०१५ साली स्थापन झालेल्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने दहा हजार शब्दांचा कोश सिद्ध केला आहे. साधनांची सबब आता उरलेली नाही.

स्त्रियांस स्त्रियांनीच विचारावे, आणि एकांती विचारावे, ही दुसरी अट. पत्नीस विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर पतीने द्यावे, मुलीस विचारलेल्याचे पित्याने, ही आपल्याकडील जुनी चाल. कर्णबधिर मुलीच्या बाबतीत ती दुणावते, कारण तिच्या वतीने बोलण्याची सवयच घरच्यांस जडलेली असते. तिने शाळा सोडल्यावर खेळणे का सोडले, हे तिच्याकडूनच समजून घ्यावयास हवे. मैदान दूर म्हणून, एकटीने प्रवास करू देत नाहीत म्हणून, लग्न ठरले म्हणून, की पाहावयास कोणी येत नाही म्हणून? याचे खरे उत्तर तिच्या हातांतच आहे.

ही संख्या उपेक्षणीय नाही. २०११ च्या जनगणनेत श्रवणदोष असलेल्या व्यक्ती ५० लाखांहून अधिक नोंदल्या गेल्या. त्यांत स्त्रिया सुमारे २४ लाख. यांतील किती मुलींच्या हाती कधी चेंडू, रॅकेट वा धनुष्य पडले असेल? जेथे आईबापांस जर्लिन वा प्रांजली यांची नावेच ठाऊक नाहीत, तेथे आपल्या मुलीचे भवितव्य खेळात असू शकते ही कल्पना त्यांच्या मनात शिरावी कोठून? प्रेक्षक नाहीत म्हणून वृत्तपत्रे लिहीत नाहीत. वृत्तपत्रे लिहीत नाहीत म्हणून आश्रयदाते नाहीत. आश्रयदाते नाहीत म्हणून सामने नाहीत. आणि सामने नाहीत म्हणून प्रेक्षक नाहीत. हे चक्र कोठेतरी तोडावयाचे तर ते प्रेक्षकापाशीच तोडणे सर्वांत स्वस्त पडते.

मोजणीनंतरचे कर्तव्य

मोजले, लिहिले आणि कपाटात ठेवले, असे झाल्यास हा उद्योग व्यर्थ होय. ताळेबंद काढावयाचा तो पुढील वर्षीचा व्यवहार सुधारण्यासाठी. म्हणून आम्ही काही व्यवहार्य सूचना करतो.

संघाच्या आश्रयाने वा त्याच्या सभासदांच्या देणगीने जेथे जेथे क्रीडास्पर्धा होतात, तेथे लोकप्रिय अंतिम सामन्यापूर्वी कर्णबधिर मुलींचा एक सामना ठेवावा. त्यास लागणारे जास्तीचे साहित्य फार नाही. तीन रंगांचे दिवे, पंचांसाठी निशाणे, ध्वनिक्षेपकावरील प्रत्येक घोषणा लिहून दाखविणारा एक फलक, आणि सांकेतिक भाषेचा एक जाणता दुभाषी. बक्षिसाची रक्कम इतर गटांच्या बरोबरीची असावी. तीत एक पैचीही तफावत ठेवू नये. सामन्यापूर्वी दोन मिनिटे प्रेक्षकांस हात उंच करून हलविण्याची रीत शिकवावी, कारण कर्णबधिरांची टाळी हीच आहे. आणि प्रेक्षकांची वर सांगितल्याप्रमाणे तिहेरी पाहणी करून तिचा निष्कर्ष पुढील स्मरणिकेत छापावा. तो प्रतिकूल निघाला तरी छापावा. तूट लपविणाऱ्या वहीने पेढी कधी वाचत नाही.

मोठ्या उद्योगांच्या चालकांस आणखी एक गोष्ट निदर्शनास आणावीशी वाटते. कंपनी कायदा, २०१३ याच्या कलम १३५ अन्वये ठरावीक मर्यादेहून मोठ्या कंपन्यांस सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कार्यावर खर्च करावे लागतात. या कायद्याच्या सातव्या अनुसूचीत ग्रामीण खेळ, राष्ट्रीय मान्यताप्राप्त खेळ, पॅरालिंपिक आणि ऑलिंपिक खेळ यांच्या प्रशिक्षणाचा उल्लेख आहे. डेफलिंपिक्सचे नाव तेथे स्वतंत्रपणे आलेले नाही. तथापि बॅडमिंटन, नेमबाजी, टेनिस हे खेळ काही कर्णबधिरांचे म्हणून निराळे नाहीत. खेळ तेच, खेळणाऱ्या निराळ्या. कायद्याच्या यादीत नाव नाही म्हणून थांबण्याचे कारण नाही, परंतु यादी करणाऱ्यांच्याही माहितीत केवढी पोकळी राहू शकते, ते यावरून दिसते. ज्या लहान पेढ्यांस हा कायदा लागू नाही त्यांस तर कोणाच्या यादीची वाट पाहावयाचीच नाही. आहार, औषध, शास्त्र आणि अभय ही चार दाने आपल्या परंपरेने सांगितली. आपल्या मुलीस एकटीने मैदानापर्यंत जाता यावे असे वातावरण निर्माण करणे, हे आमच्या मते अभयदानच होय.

आपल्या शास्त्रांनी जीवांची वर्गवारी इंद्रियांच्या संख्येवरून केली. स्पर्शन, रसन, घ्राण, चक्षु आणि शेवटी श्रोत्र. म्हणून श्रोत्रास आपण मोठा मान देतो, आणि ते योग्यच आहे. चातुर्मासात आपण प्रवचने ऐकतो ती त्याच इंद्रियाने. परंतु मैदानापुढे बसलेल्या मनुष्यास आपली भाषा श्रोता म्हणत नाही. ती त्यास प्रेक्षक म्हणते. नीट पाहणारा, असा त्या शब्दाचा अर्थ. कर्णबधिर भगिनींस आपला जयघोष नको आहे. तो त्यांच्यापर्यंत पोहोचतही नाही. त्यांस हवे आहेत पाहणारे डोळे. ते डोळे गावात किती आहेत, कोठे आहेत आणि काय पाहतात, याची मोजदाद येत्या वर्षात व्हावी आणि पुढील अंकी तिचा हिशेब वाचकांपुढे यावा, एवढी इच्छा व्यक्त करून हा लेख पुरा करतो.